मार्गाचा हक्क आणि जिवंत पेशींची कुपी

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दिलेला एक निकाल आमच्या सिल्वासात आज फारसा कुणाला आठवत नाही. दादरा आणि नगर हवेली मुक्त होऊन तेव्हा सहा वर्षे होत आली होती. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यातली सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर ही नावे वाचकांना परिचित आहेत आणि ती हकीकत अनेक दिवाळी अंकांतून येऊन गेलेली असल्यामुळे मी ती इथे पुन्हा उगाळत नाही. पोर्तुगालने मात्र हार मानलेली नव्हती. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने हेगला धाव घेतली. दमण आमचे, दादरा आमचे, नगर हवेलीही आमची, मधली पट्टी तेवढी भारताची. तेव्हा त्या पट्टीवरून जाण्यायेण्याचा हक्क आम्हाला आहे, असा त्याचा दावा होता. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले.

निकाल मोठा मासलेवाईक लागला. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांची ने-आण करण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता, मात्र तो भारताच्या देखरेखीखाली, असे न्यायालयाने म्हटले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना मात्र तसा हक्क नव्हता. आणि १९५४ च्या उन्हाळ्यात भारताने वाट बंद केली, त्यात त्याच्याकडून कोणत्याही बंधनाचा भंग झालेला नाही, असेही न्यायालयाने ठरवले. म्हणजे वाट होती, पण सगळ्यांना नव्हती. मीठ, कापड, टपाल, कारकून यांनी जावे. बंदुकीने जाऊ नये.

वापीहून येताना आधी दादरा लागते, मग पुन्हा गुजरात, मग नगर हवेली. आणि नगर हवेलीच्या पोटात गुजरातचे मघवाळ आहेच. इथे राहणाऱ्याला सीमेचे फार कौतुक उरत नाही. पण चाळीस वर्षांत शाळेत विज्ञान आणि अडीअडचणीला इतिहासही शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो निकाल वाचताना वेगळेच काही आठवले. सातवीच्या वर्गात आम्ही बेदाणे पाण्यात टाकून ठेवत असू. तासाभरात ते फुगत. बेदाण्याची साल पाणी आत घेते, पण आतली साखर सहजासहजी बाहेर सोडत नाही. अशा सालीला पाठ्यपुस्तकात अर्धपार्य पडदा म्हणतात. हेगच्या न्यायाधीशांनी कायद्याच्या भाषेत जो पडदा विणला, तसाच पडदा जिवंत पेशींभोवती विणण्याचा उद्योग वैद्यकशास्त्र गेली साठ-सत्तर वर्षे करीत आहे. त्या उद्योगाचा इतिहास मी इतक्या आस्थेने का गोळा केला, याला घरचे कारण आहे.

माझी धाकटी बहीण १९७८ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मधुमेही झाली. उतारवयात होतो तो हा मधुमेह नव्हे. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकीने उलटते आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. मग जन्मभर सुई. तेव्हा काचेची सिरिंज असे, ती रोज पातेल्यात उकळायची. इन्सुलिनची बाटली वापीहून थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची आणि घरी माठाच्या तळाशी ठेवायची, कारण फ्रिज आमच्याकडे पुष्कळ उशिरा आला. गुजरातीत सुईला ‘सोय’ म्हणतात. शेजारच्या बेन रोज सकाळी कुंपणावरून विचारायच्या, सोय थई गई? माझी आई म्हणायची, यांच्या भाषेत तरी ही सोय आहे! ते औषध त्या काळी डुकराच्या नाहीतर गाईच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. वडिलांनी ही गोष्ट आजीला शेवटपर्यंत सांगितली नाही.

बहिणीचा प्रश्न एकच होता आणि तो तिने अकराव्या वर्षीच विचारला होता. माझ्या मेलेल्या पेशींच्या जागी दुसऱ्या कुणाच्या चांगल्या पेशी घालता येत नाहीत का?

तिच्या आधी ८५ वर्षे हाच विचार इंग्लंडात ब्रिस्टल येथे वॉटसन विल्यम्स या डॉक्टरांनी केला होता. पॉल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली स्वादुपिंडातले पेशींचे वेगळे पुंजके पाहून नोंदवले होते. पुढे त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ असे नाव पडले. १८८९ साली स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तर कुत्र्याला मधुमेह झाला. एवढ्या ज्ञानावर वॉटसन विल्यम्स यांनी डिसेंबर १८९३ मध्ये एका पंधरा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे ताजे तुकडे बसवले. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. परक्या प्राण्याचे मांस शरीर का स्वीकारत नाही, हे त्या वेळी कुणालाच कळत नव्हते. डॉक्टरांच्या हातात दुसरे काहीही नव्हते आणि त्यांनी जे होते ते केले, असे मला वाटते.

पुढे १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे. इन्सुलिनने मरण टाळले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण बीटा पेशी नुसते इन्सुलिन करीत नाहीत. रक्तातली साखर त्या क्षणोक्षणी मोजतात आणि मोजून तेवढेच इन्सुलिन सोडतात. सुईला मोजता येत नाही. त्यामुळे माझी बहीण शाळेतून येताना कधी चक्कर येऊन पडे, तर कधी रात्रभर तहानेने उठत बसे. आणि दप्तरात खडीसाखरेची पुडी नसेल तर आई तिला घराबाहेर पाऊल टाकू देत नसे. औषध कितीही चांगले झाले तरी पेशी त्या पेशीच.

पेशी बाहेरून आणल्या की शरीराचे सैन्य त्यांच्यावर तुटून पडते. मग सैन्याला आत येऊ देऊ नये आणि अन्नपाण्याला मात्र येऊ द्यावे, असा पडदा का करू नये? १९३० च्या दशकात इटलीत व्हिन्सेन्झो बिशेल्ये यांनी उंदराच्या अर्बुदातल्या पेशी एका पातळ पडद्यात गुंडाळून दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या पोटात ठेवल्या, आणि त्या तिथे जगल्या. एवढा मोठा शोध, पण त्याचा उपयोग काय हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. १९५७ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात थॉमस चँग हा चीनमध्ये जन्मलेला विद्यार्थी वसतिगृहातल्या आपल्या खोलीत कृत्रिम तांबडी पेशी करायचा खटाटोप करीत होता. रक्तातले हिमोग्लोबिन त्याने कोलोडियनच्या पातळ आवरणात बंद केले, आणि त्यासाठी अत्तराच्या फवाऱ्याची बाटली वापरली, असे सांगतात. १९६४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा निबंध आला. अशा कुपीत जिवंत पेशीही ठेवता येतील आणि शरीराच्या हल्ल्यापासून त्या वाचतील, हे त्यानेच पुढे सुचवले.

ते प्रत्यक्षात उतरले १९८० साली. व्हर्जिनियातले फ्रँकलिन लिम आणि टोरांटोच्या कॉनॉट संस्थेतले अँथनी सन यांनी उंदरांच्या लँगरहॅन्स बेटांना अल्जिनेटच्या सूक्ष्म कुप्यांत घातले आणि मधुमेही उंदरांच्या पोटात सोडले. उंदरांचा मधुमेह दोन ते तीन आठवडे आटोक्यात राहिला. उघडी बेटे आठवड्याभरातच निकामी होत होती. जगातले पहिले इन्सुलिन ज्या कॉनॉटने मोठ्या प्रमाणावर तयार केले, तिथेच साठ वर्षांनी सुई सोडवण्याचा हा पहिला खरा प्रयत्न झाला, याची मला गंमत वाटते.

अल्जिनेट म्हणजे तपकिरी समुद्रशेवाळातून काढलेला एक चिकट पदार्थ. त्याची कुपी कशी करतात हे दिवाळीच्या दिवसांत सांगायला सोपे आहे. आपण बुंदी पाडतो, तसेच. पातळ अल्जिनेटमध्ये पेशी कालवायच्या आणि बारीक सुईतून त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात पाडायचे. कढईतल्या तेलात पीठ पडताच गोल होते, तसा इथे प्रत्येक थेंब कॅल्शियम लागताच घट्ट होतो आणि पेशी आत अडकते. मग वरून पॉलिलायसिनचा पातळ लेप द्यायचा, तो लेप म्हणजे खरा पडदा. एकेक दाणा मिलिमीटरहून लहान. पाक अर्थातच नाही.

आता हेगचा निकाल पुन्हा समोर घ्या. साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा रेणुभार १८०. इन्सुलिनचा सुमारे ५,८००. शरीराची शस्त्रे म्हणजे प्रतिपिंडे. त्यांचा रेणुभार दीड लाखाच्या आसपास. आणि सैनिक म्हणजे पांढऱ्या पेशी, त्या तर या रेणूंपुढे डोंगराएवढ्या. पडद्याची भोके मधल्या मापाची ठेवली की साखर आत येईल, इन्सुलिन बाहेर जाईल, प्राणवायू येईल, पण शिपाई आणि बंदुका बाहेरच राहतील. कागदावर यात कुठे फट दिसत नाही. १९६० चा निकालही कागदावर असाच नीटनेटका होता. पण तोवर मुक्त सिल्वासात वरिष्ठ पंचायतीचा कारभार सुरू होऊन काही वर्षे लोटली होती, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला हा प्रदेश भारतात रीतसर विलीनही झाला.

माणसावरचे प्रयोग १९९० च्या दशकात सुरू झाले. १९९३ साली लॉस एंजेलिसला पॅट्रिक सून-शिआँग यांनी एका ३८ वर्षांच्या माणसाच्या पोटात अशा कुप्या सोडल्या. १९९४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी कळवले की नऊ महिन्यांनंतर तो इन्सुलिनशिवाय होता. मात्र त्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच बदललेले होते आणि प्रतिकार दाबणारी औषधे तो घेतच होता. म्हणजे नाक्यावर पहारा बसवला खरा, पण पलीकडचे सैन्य आधीच निजवलेले होते.

न्यूझीलंडची कथा मला अधिक प्रिय आहे. त्या देशाच्या दक्षिणेला ऑकलंड नावाची ओसाड बेटे आहेत. एकोणिसाव्या शतकात गलबतवाल्यांनी तिथे डुकरे सोडली होती, वादळात सापडलेल्यांना खायला मिळावे म्हणून. जगापासून तुटलेली ती डुकरे पुष्कळशा रोगजंतूंपासून मुक्त राहिली. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे आहे, त्यामुळे या डुकरांच्या पेशी हव्याशा होत्या. १९९६ साली तिथे एका मधुमेही माणसाच्या पोटात डुकराच्या पेशी अल्जिनेटच्या कुप्यांत घालून सोडल्या. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीने पाहिले तर काही कुप्यांत पेशी जिवंत होत्या आणि थोडेसे इन्सुलिनही करीत होत्या. थोडेसेच. सुई सुटण्याइतके नव्हे.

का नव्हे, याचे उत्तर शोधण्यात पुढची पंचवीस वर्षे गेली. पहिली गोष्ट प्राणवायूची. लँगरहॅन्सची बेटे म्हणजे स्वादुपिंडाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग, पण स्वादुपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दहा-पंधरा टक्के वाटा तीच घेतात. इतकी ती हावरी. कुपीत रक्तवाहिनी नाही. प्राणवायू आत झिरपेल तेवढाच. कुपीच्या मधोमध असलेल्या पेशी गुदमरून मरतात. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. सैन्य आत जाऊ शकत नाही हे खरे, पण ते बाहेर वेढा घालून बसते. परकी वस्तू दिसताच शरीर तिच्याभोवती तंतूंचे जाळे विणते, म्हणजे आपण बांधलेल्या भिंतीबाहेर शरीर आपली दुसरी भिंत बांधते, आणि त्या दुसऱ्या भिंतीतून प्राणवायूही जात नाही. शिवाय वेढा घालणाऱ्या पेशी काही छोटे दाहक रेणू सोडतात. ते प्रतिपिंडांपेक्षा पुष्कळ लहान असल्यामुळे नाक्यावरून बिनदिक्कत आत जातात. बंदूक अडते; बातमी अडत नाही. नगर हवेलीतल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांची १९५४ च्या जुलैत जी अवस्था झाली असेल, ती आठवावी.

या शोधात पुण्याचाही वाटा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. रमेश भोंडे यांनी लँगरहॅन्स बेटांवर वर्षानुवर्षे काम केले. २००० च्या सुमारास त्यांनी आणि मकरंद रिसबूड यांनी भिंतीच्या मालाचाच विचार केला. डायलिसिससाठी वापरतात त्या सेल्युलोजच्या पडद्यात बेटे जगतात का, ते तपासले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या काइटोसानचा एक जेल करून पाहिला, तर त्याच्या स्पर्शाने शरीरातल्या भक्षक पेशी चवताळत नाहीत असे त्यांना आढळले. कोकणपट्टीतल्या मासळीबाजारात ती टरफले ढिगाने फेकली जातात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेतल्या प्रभा नायर यांच्याबरोबर पॉलियुरेथेनच्या पडद्यांवरही काम झाले. २०१० साली याच मंडळींनी बाळंतपणात बाहेर पडणाऱ्या वारेतून मूळपेशी काढल्या, त्यांचे बेटांसारखे पुंजके बनवले, ते कुपीत घातले आणि मधुमेही उंदरांना बसवले. उंदरांची साखर ताळ्यावर आली. ज्या वारेला आपण गावाकडे परसात खड्डा करून पुरत आलो, तिच्यातून हे निघाले. बहिणीला मी हे सांगितले तेव्हा ती जरा वेळ काहीच बोलली नाही.

दरम्यान सुईसाठी लागणारे औषध तरी जवळ आले होते. १९८२ पासून जंतूंकडून करवून घेतलेले मानवी इन्सुलिन परदेशात मिळू लागले, आणि २००३ साली वोखार्टने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) तयार केलेले इन्सुलिन बाजारात आणले. आजी तोवर हयात नव्हती.

परदेशात वाटा फुटत गेल्या. २००० साली कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शापिरो यांनी कुपीचा नादच सोडला. मृत दात्यांची बेटे यकृताच्या शिरेत सोडली आणि वर प्रतिकार दाबणारी औषधे दिली. सातही रुग्णांची सुई सुटली, पुढे कित्येकांना ती पुन्हा घ्यावी लागली. २०१५ साली अमेरिकेत दिसून आले की कुपी दीड मिलिमीटरची, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी केली, तर तिच्याभोवती ते तंतूंचे जाळे कमी बसते. सगळ्यांची समजूत उलट होती. इस्रायलच्या एका कंपनीने कुपीला प्राणवायूची टाकीच जोडली आणि ती रोज बाहेरून भरायची सोय केली. पेशी जगल्या, पण इन्सुलिन फारच थोडे आले. व्हर्टेक्स कंपनीने मूळपेशींपासून केलेली बेटे चपट्या डबीत बंद करून माणसांना बसवली. मार्च २०२५ मध्ये हा प्रयोग तिने थांबवला, कारण पुरेसे इन्सुलिन येईना.

त्याच मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुपीत बंद केलेल्या जिवंत पेशींचा एक उपचार मंजूर केला. एन्सेल्टो हे त्याचे नाव. तांदळाच्या लांब दाण्याएवढी कुपी डोळ्याच्या आत टाक्याने बसवतात. आतल्या पेशी डोळ्याच्या पडद्याला जगवणारे एक प्रथिन सतत सोडत राहतात. डोळ्यात शरीराचा पहारा मुळात ढिला असतो आणि तिथे लागणारा मालही अगदी थोडा, म्हणून हे साधले. माझ्या बहिणीचे डोळे गेली बारा वर्षे मधुमेहाने अधू झालेले आहेत. पण हा उपचार तिच्या आजारावर नाही. मॅक्युलर टेलँजिएक्टेशिया नावाच्या एका दुर्मिळ विकारापुरताच तो आहे. जिवंत पेशींच्या कुपीची कल्पना मुख्यतः मधुमेहासाठी वाढली आणि अमेरिकेची मंजुरी मिळाली ती डोळ्याच्या एका आडबाजूच्या रोगाला; शास्त्राच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते, आणि वाट पाहणाऱ्याला त्याचा राग येणेही स्वाभाविक आहे.

जून २०२५ मध्ये व्हर्टेक्सच्याच दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. तीच बेटे, पण कुपीशिवाय, यकृताच्या शिरेत सोडलेली. बारापैकी दहा रुग्ण वर्षभराने इन्सुलिनमुक्त होते. मी ही बातमी तिला वाचून दाखवली. तिने विचारले, मग गोळ्या? मी म्हटले, हो, प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या कायमच्या, आणि त्याने इतर रोग जडण्याची भीती. ती म्हणाली, “मग दादा, माझी सोयच बरी.” ‘सोय’ तिने गुजरातीत म्हटले की मराठीत, मी विचारले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाहून आणखी एक नोंद प्रसिद्ध झाली. ४२ वर्षांच्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत डॉक्टरांनी अशी बेटे टोचली होती की ज्यांच्या जनुकांतच फेरफार करून त्यांना संरक्षक पेशींच्या नजरेआड केले होते. भिंत नाही, गोळ्याही नाहीत. बारा आठवड्यांनी त्या पेशी जिवंत होत्या आणि जेवणानंतर इन्सुलिन सोडत होत्या. मात्रा मुद्दामच लहान ठेवलेली होती, त्यामुळे त्या रुग्णाला रोजचे इन्सुलिन घ्यावेच लागत होते.